परीक्षेच्या उंबरठ्यावर जीवशास्त्र

वार्षिक परीक्षेचे दिवस जवळ आले की आपल्या धर्मग्रामातील अनेक घरांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळताना दिसतात. गणिताची भीती सर्वांस ठाऊक आहे, आणि तिच्यावर उपाय म्हणून शिकवण्याही लावल्या जातात. जीवशास्त्राच्या बाबतीत मात्र एक निराळाच समज रूढ झाला आहे. हा विषय म्हणजे निव्वळ पाठांतर. शेवटच्या चार दिवसांत व्याख्या घोकाव्या, आकृत्यांना नावे द्यावी, की काम झाले, असे मुले मानतात आणि पालकही त्यांस तसेच सांगतात. प्रश्नपत्रिकेत ‘व्याख्या लिहा’ असे आले तर ही घोकंपट्टी तारून नेते. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ असे आले की मात्र तिची झाकली मूठ उघडी पडते.

म्हणून ह्या आठवड्यात दहावीच्या व उच्च माध्यमिक वर्गांच्या विद्यार्थ्यांसाठी जीवशास्त्रातील मूळ कल्पनांची उजळणी करण्याचे आम्ही योजिले आहे. आमचे वाचक गोव्यात आहेत, बेळगावकडे आहेत, तसेच इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे व हैदराबाद येथेही आहेत. त्यांची परीक्षा मंडळे निराळी आणि पुस्तकेही निराळी. परंतु पेशी सर्वत्र पेशीच असते, आणि जनुकांस राज्यांच्या सीमा ठाऊक नसतात. शितावरून भाताची परीक्षा करावी, त्याप्रमाणे आपण एकच उदाहरण घेऊ आणि त्याच्या आधाराने सारे पुस्तक चाळू. ते उदाहरण म्हणजे सिकलसेल नावाचा रक्ताचा आनुवंशिक रोग. हेच का, ते पुढे कळेल.

प्रथम पेशी. १६६५ साली रॉबर्ट हूक ह्यांनी बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यांस मधमाश्यांच्या पोळ्यासारखे रिकामे कप्पे दिसले. पुढे १८३८ साली श्लायडेन ह्यांनी वनस्पतींविषयी आणि १८३९ साली श्वान ह्यांनी प्राण्यांविषयी सांगितले की सर्व सजीव पेशींचेच बनलेले असतात. १८५५ साली फिर्खो ह्यांनी त्यात भर घातली की पेशी ही आधीच्या पेशीपासूनच उत्पन्न होते. एवढी तीन विधाने ध्यानात ठेवली म्हणजे पेशी सिद्धांत हाती आला. वनस्पतिपेशीस पेशीभित्तिका व हरितलवके असतात, प्राणिपेशीस ती नसतात. जीवाणूंच्या पेशीत केंद्रकाभोवती आवरण नसते. हे भेद तक्त्यात मांडावे, परिच्छेदात नव्हे.

पेशीच्या पटलाविषयी एक प्रश्न हमखास येतो, तो परासरणाचा. चिरलेल्या कैरीला मीठ लावून ठेवले की थोड्या वेळात भांड्याच्या तळाशी पाणी साचते. मिठाने पाणी ‘ओढले’, असे आपण घरात म्हणतो. शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर पेशीबाहेरील द्रावण अधिक संहत झाले, म्हणून पाण्याचे रेणू निवडक्षम पटलातून बाहेर आले. मनुका पाण्यात फुगतात, त्याचेही कारण हेच. दिशा तेवढी उलट.

आता आपल्या उदाहरणाकडे वळू. तांबडी रक्तपेशी दोन्ही बाजूंनी दबलेल्या चकतीसारखी असते. परिपक्व झाल्यावर तिच्यात केंद्रक राहत नाही आणि तंतुकणिकाही राहत नाहीत. असे का, म्हणून विचारल्यास उत्तर सोपे आहे: तेवढी जागा हिमोग्लोबिनला मिळते, आणि वाहून न्यावयाचा ऑक्सिजन पेशी स्वतःच खर्च करीत नाही. ही चकती लवचिक असते, म्हणूनच ती अतिशय बारीक केशवाहिन्यांतून दुमडून पार जाते. १९१० साली शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक ह्यांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. विळ्याला इंग्रजीत सिकल म्हणतात. रोगाचे नाव त्यावरूनच पडले. भारतात ह्या रोगाची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींमध्ये झाली.

रक्त ऑक्सिजन वाहते, पण तो कशासाठी? येथे दुसरी मूळ कल्पना येते, ती ऊर्जेची. श्वासोच्छ्वास आणि पेशीश्वसन ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. छातीच्या भात्याने हवा आत घेणे व बाहेर सोडणे हा श्वासोच्छ्वास. ऑक्सिजनच्या साह्याने पेशीत ग्लुकोजचे विघटन करून ऊर्जा मिळविणे हे पेशीश्वसन. प्रकाशसंश्लेषणात वनस्पती कार्बन डायऑक्साइडचे सहा रेणू आणि पाणी ह्यांपासून ग्लुकोजचा एक रेणू घडवितात व ऑक्सिजनचे सहा रेणू सोडतात. हा ऑक्सिजन पाण्यापासून येतो, कार्बन डायऑक्साइडपासून नव्हे. पेशीश्वसनात हिशेब उलट होतो. वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन, असे अनेक मुले लिहितात. ते चूक आहे. वनस्पती श्वसन अहोरात्र करतात. ऑक्सिजनशिवाय चालणारे श्वसन पाहायचे असेल तर गोव्यातील पावाच्या भट्टीकडे जावे. तेथे पूर्वी माडाची सुरी घालून कणीक आंबवीत. सुरीतील किण्व साखरेपासून कार्बन डायऑक्साइड व अल्कोहोल निर्माण करते. त्या वायूने कणीक फुगते.

रक्ताभिसरणातही एक सापळा ठरलेला आहे. धमनीत शुद्ध रक्त आणि शिरेत अशुद्ध रक्त, असे पाठ केलेला विद्यार्थी फुफ्फुसधमनीपाशी अडखळतो. हृदयापासून दूर नेते ती धमनी आणि हृदयाकडे आणते ती शीर, अशी व्याख्या केल्यास अडखळण्याचे कारणच उरत नाही. उजव्या जवनिकेतून निघणारी फुफ्फुसधमनी ऑक्सिजन कमी असलेले रक्त फुफ्फुसांकडे नेते; डाव्या जवनिकेतून महाधमनी ऑक्सिजनयुक्त रक्त साऱ्या शरीरास पुरविते. डाव्या जवनिकेची भिंत अधिक जाड का, ह्याचे उत्तरही ह्यातच आहे.

सिकलसेलच्या रुग्णात ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांस चिकटून लांब तंतू बनतात. त्यांच्या ताणाने चकतीचा विळा होतो, पेशी ताठर होते आणि बारीक वाहिन्या तुंबतात. हाडांत, सांध्यांत, पोटात असह्य वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्यासारखी झालेली पेशी दहावीस दिवसांतच नष्ट होते. म्हणून रक्त कमी पडते. एका पेशीचा आकार बदलल्याने मुलाची शाळा बुडते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस हा धडा कोरडा वाटणार नाही.

हे हिमोग्लोबिन बिघडले कोठे? येथे तिसरी कल्पना, डी.एन.ए. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक ह्यांनी त्याच्या दुपेडी पिळाची रचना मांडली. रोझलिंड फ्रँकलिन ह्यांच्या क्ष-किरण छायाचित्रांचा त्यास मोठा आधार होता. ॲडेनिनसमोर थायमिन आणि ग्वानिनसमोर सायटोसिन, ही जोडी कधी चुकवू नये, आर.एन.ए.मध्ये थायमिनच्या जागी युरॅसिल येते. डी.एन.ए.वरून आर.एन.ए. तयार होणे हे प्रतिलेखन आणि आर.एन.ए.वरून प्रथिन तयार होणे हे भाषांतरण. तीन अक्षरांचा एक शब्द आणि एका शब्दास एक ॲमिनो आम्ल, अशी ती लिपी आहे. ती उलगडण्याच्या कार्याबद्दल हरगोविंद खुराना ह्यांस १९६८ साली दोन सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ ॲमिनो आम्ले असतात. सिकलसेलमध्ये त्यांपैकी सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, कारण डी.एन.ए.च्या त्या शब्दातील मधले एकच अक्षर बदललेले असते. ह्यालाच उत्परिवर्तन म्हणतात. ‘उत्परिवर्तन म्हणजे काय, उदाहरणासह लिहा’ ह्या प्रश्नास ह्याहून चांगले उदाहरण शोधण्याची गरज नाही.

हे बदललेले अक्षर आईबापांकडून मुलाकडे कसे जाते, ही चौथी कल्पना. सूत्री विभाजनात एका पेशीच्या दोन होतात आणि प्रत्येकीत ४६ गुणसूत्रे कायम राहतात; जखम भरते, मूल वाढते ते ह्यामुळे. अर्धगुणसूत्री विभाजनात एका पेशीच्या चार होतात आणि प्रत्येकीत २३ गुणसूत्रे राहतात. युग्मके बनतात ती ह्यामुळे. निम्मे आईचे, निम्मे बापाचे, तेव्हा बेरीज पुन्हा ४६. विभाजनाच्या अवस्थांची नावे विसरली तरी ही बेरीज विसरू नये.

गुणसूत्रांचा पत्ताही नसताना ह्या हिशेबापर्यंत पोहोचले ते ग्रेगोर मेंडेल. ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठातील हे धर्मगुरू. विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: १८५० साली ते शिक्षकांच्या पात्रता परीक्षेत अनुत्तीर्ण झाले आणि १८५६ साली पुन्हा बसूनही ती परीक्षा त्यांच्या हातून पार पडली नाही. त्याच १८५६ सालापासून १८६३ सालापर्यंत त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याचे प्रयोग केले. जांभळ्या व पांढऱ्या फुलांच्या शुद्ध झाडांचा संकर केला तेव्हा पहिल्या पिढीत सर्व फुले जांभळी आली. दुसऱ्या पिढीतील ९२९ झाडांपैकी ७०५ जांभळी व २२४ पांढरी निघाली. म्हणजे जवळजवळ तीनास एक. पांढरेपणा नष्ट झाला नव्हता. तो एक पिढी लपून बसला होता. १८६५ साली त्यांनी हे निष्कर्ष सभेत वाचले, १८६६ साली ते छापले गेले, १८८४ साली मेंडेल वारले. जगास त्यांचे महत्त्व कळले ते १९०० साली.

आता हाच चौकट-तक्ता सिकलसेलसाठी मांडा. ज्याच्याकडे एक जनुक निरोगी आणि एक सदोष आहे, तो वाहक. सामान्यतः त्यास रोगाचा त्रास होत नाही. आपण वाहक आहोत हे त्यास ठाऊकही नसते. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी मूल रोगी असण्याची शक्यता चारांत एक, वाहक असण्याची चारांत दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारांत एक. एक वाहक आणि एक निरोगी असा विवाह असेल तर एकही मूल रोगी होत नाही. निम्मी वाहक होण्याची शक्यता असते. येथे विद्यार्थी आणि वडीलधारी दोघेही एक गफलत करतात. पहिले मूल रोगी झाले, आता पुढची तीन सुखरूप, असे ते समजतात. तसे नाही. प्रत्येक वेळी नाणे नव्याने उडते. पहिल्या मुलाचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही.

हे उदाहरण आम्ही का निवडले, ते आता सांगतो. मध्य प्रदेश, गुजरात, विदर्भ, तेलंगण ह्या भागांत हा रोग आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. लग्नाच्या तयारीसाठी आमच्याकडे येणाऱ्या वधूवरांस आम्ही रक्ततपासणीविषयी बोलतो, तेव्हा पुष्कळदा त्यांच्या चेहऱ्यावर अपमान झाल्याचा भाव उमटतो. वाहक असणे म्हणजे कुळाला बट्टा, अशी समजूत. वास्तविक ह्याच तरुणांनी दहावीला तीनास एकचे गणित सोडवून पूर्ण गुण घेतलेले असतात! उत्तर वहीत राहिले, घरी आलेच नाही.

तसेच मुलगा-मुलगीचे. आईच्या प्रत्येक बीजांडात एक्स गुणसूत्र असते. बापाच्या शुक्राणूत एक्स असेल तर मुलगी, वाय असेल तर मुलगा. हा दोन गुणांचा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जातो आणि सारे तो बरोबर सोडवितात. तरीही तिसरी मुलगी झाली म्हणून सुनेस बोल लावणारी घरे आहेत. ज्या मुलाने हे उत्तर लिहिले, त्याने ते स्वयंपाकघरात आजीसमोर एकदा समजावून सांगावे. आजी समजूतदार असते. तिला कोणी सांगितलेले नसते.

पाचवी कल्पना उत्क्रांतीची. चार्ल्स डार्विन ह्यांचा ग्रंथ १८५९ सालचा. येथे भाषा फार जपून वापरावी लागते. जिराफाने मान ताणली म्हणून ती लांब झाली, हे लामार्क ह्यांचे मत होते, आणि ते टिकले नाही. आधी भिन्नता असते; परिस्थिती तिच्यातून निवड करते; निवडलेल्यांची संतती वाढते. सिकलसेलचा सदोष जनुक इतकी शतके टिकला कसा? १९५४ साली अँथनी ॲलिसन ह्यांनी पूर्व आफ्रिकेतील पाहणीवरून दाखवून दिले की वाहकांस मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. जेथे मलेरिया, तेथे वाहक अधिक जगले. नैसर्गिक निवड ती हीच. प्रतिजैविकांचा डोस मध्येच सोडू नये असे डॉक्टर सांगतात. उरलेल्यांत जे चिवट जीवाणू असतात त्यांचीच पुढे पैदास होते, हे त्याचे एक कारण. काही पालक आम्हांस विचारतात की आपल्या मुलांनी उत्क्रांतीचे उत्तर लिहावे काय. अवश्य लिहावे. पोप पायस बारावे ह्यांनी १९५० साली ह्या शोधाची वाट मोकळी ठेवली आणि १९९६ साली पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी उत्क्रांतीस निव्वळ तर्काहून अधिक मानावे लागते असे सांगितले. २०२३ साली केंद्रीय दहावीच्या पुस्तकातून हा भाग वगळण्यात आला. ज्यांच्या पुस्तकात तो नाही त्यांनीही एकदा वाचून ठेवावा, बारावीला तो भेटेलच.

शेवटची कल्पना परिसंस्थेची. तिला थोडा वेळ पुरे. ऊर्जा एकाच दिशेने वाहते, पदार्थ चक्राने फिरतात. प्रत्येक पायरीवर सुमारे दशांश ऊर्जाच पुढे जाते: गवतात हजार एकके असतील तर नाकतोड्यात शंभर, बेडकात दहा, सापात एक. बेडकाच्या पायांची निर्यात भारताने १९८७ साली बंद केली. बेडूक मारले की शेतातील कीटक वाढतात, ही अन्नसाखळी पावसाळ्यात बेडकाच्या शिकारीस निघणाऱ्यांनीही पाठ करावी.

आमच्या विखुरलेल्या वाचकांस एक अडचण अशी येते की घरची भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी. मराठीतील पेशी हिंदीत कोशिका होते, गुजरातीत कोष, कन्नडमध्ये जीवकोश आणि तेलुगूत कणम्. हिंदी पुस्तकात पेशी म्हणजे आपला स्नायू. आणि हिंदीतील स्नायू म्हणजे आपला अस्थिबंध! इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलांची ह्यात फसगत होते. उपाय एकच: वहीच्या शेवटच्या पानांवर रकाने आखून घरचा शब्द, पुस्तकातील शब्द आणि इंग्रजी शब्द शेजारी शेजारी लिहावे. अकरावीस इंग्रजीतून विज्ञान घेणाऱ्या बेळगावच्या मुलांस ही चार पाने पुढे दोन वर्षे उपयोगी पडतील.

आता शेवटच्या आठवड्याची रीत. पुस्तक पुन्हा पुन्हा वाचू नये. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे, मग ताडून पाहावे. रोडिगर आणि कार्पिके ह्यांनी २००६ साली प्रयोगाने दाखविले की आठवड्यानंतर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांच्या अधिक ध्यानात राहते. हृदय, वृक्काणू, चेतापेशी आणि पर्णरंध्र ह्या आकृत्या रोज एकदा न पाहता काढाव्या. पेन्सिलीने काढाव्या, नावांच्या रेषा आडव्या व एकमेकींस न छेदणाऱ्या असाव्या. ‘फरक लिहा’ आले की दोन रकाने करावे आणि समोरासमोर एकाच मुद्द्याचा फरक लिहावा. ‘कारण लिहा’ आले की ‘म्हणून’ ह्या शब्दापर्यंत पोहोचल्याशिवाय उत्तर संपवू नये. आदल्या रात्री जागरण करू नये. दिवसभर वाचलेले झोपेतच मनात पक्के बसते.

पालकांस एवढीच विनंती की रात्री जेवताना गुणांची चौकशी करण्याऐवजी मुलास एखादा प्रश्न विचारावा: कैरीला पाणी का सुटले? मुलगा की मुलगी, हे कोणामुळे ठरते? मुलाने सांगावे आणि घराने ऐकावे. परीक्षकाने दिलेले गुण पत्रकावर उतरतील. घराने जे ऐकले ते एखाद्या सुनेचा दोष उतरवील, एखाद्या वधूवरांस वेळेवर रक्त तपासावयास धाडील. सर्व विद्यार्थ्यांस आमच्या शुभेच्छा.